सोसणारे आणि सांगणारे

सोसणे हा सद्गुण आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण घरोघरीच्या वडीलधाऱ्यांच्या ओठांवर असे. जो अधिक सोसतो तो अधिक थोर, असा एक साधा हिशेब आमच्या मनात कायमचा बसून गेला. या हिशेबाला पहिला धक्का बसला तो कोणा तत्त्वज्ञाच्या ग्रंथाने नव्हे, तर ओढ्यातल्या किड्यांनी. त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवावी, असे वाटते.

पावसाळा सरल्यावर सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या खळाळत्या ओढ्यात उतरावे आणि पाण्यातला दगड हलकेच उलटावा. त्याच्या खालच्या अंगाला चपटे, सहा पायांचे, शेपटीकडे दोनतीन तंतू असलेले जीव चिकटलेले दिसतात. ही मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्ले. पोटाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पातळ कल्ल्यांनी ती पाण्यातला प्राणवायू घेतात. जवळच बारीक वाळूकण रेशमासारख्या धाग्याने जोडून घर बांधणारी कॅडिसफ्लायची अळी असते, चतुराचे दबा धरून बसलेले पिल्लू असते, खेकडे आणि गोगलगाई असतात. आता हाच ओढा वस्तीतून आणि कारखान्यांच्या मागून वाहत गेल्यावर पाहावा. तेथे यांतले बहुतेक जीव नाहीसे झालेले असतात. काळ्या गाळात डोके खुपसून शेपटी हलवणारे ट्यूबिफेक्स जंत आणि रक्तासारख्या तांबड्या कायरोनोमस अळ्या मात्र तेथे दाटीवाटीने नांदतात. त्या अळ्यांचा तांबडेपणा हिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातले हे द्रव्य अंगी असल्यामुळे प्राणवायू जेमतेम उरलेल्या पाण्यातही त्या तग धरतात.

या जीवांवरून पाण्याची परीक्षा करण्याची विद्या जुनी आहे. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी 1908 आणि 1909 साली प्रदूषणाच्या पायऱ्यांनुसार वनस्पतींची आणि प्राण्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली. पुढे 1970 च्या दशकाअखेरीस ब्रिटनमध्ये या जीवांच्या कुळांना 1 ते 10 गुण देण्याची सोपी रीत तयार झाली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर नद्यांसाठी पाच वर्गांचे जैविक निकष आखले.

कोणी विचारील, पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत तपासता येते, मग या किड्यामुंग्यांची उठाठेव कशाला? रासायनिक तपासणीचे मोल आम्ही नाकारीत नाही. कोणते विष किती, हे तीच सांगू शकते. परंतु बाटली फक्त त्या क्षणाचे सांगते. मध्यरात्री कोणी सांडपाणी सोडले आणि पहाटेपर्यंत ते वाहून गेले, तर सकाळची बाटली निर्दोष ठरते. दगडाखालच्या जिवाला मात्र त्या रात्री तेथून सहजी निघून जाता आलेले नसते. आठवडे, महिने त्याने त्याच पाण्यात काढलेले असतात. त्याची साक्ष ही तेथे राहिलेल्याची साक्ष असते.

आता त्या गुणांच्या तक्त्याकडे पाहू. ज्यांना प्रदूषण मुळीच सोसत नाही, अशा स्टोनफ्लायच्या आणि मेफ्लायच्या नाजूक कुळांना 10 गुण. तांबड्या अळ्यांच्या कुळाला 2. काहीही सोसणाऱ्या जंतांना 1. आमच्या मनातला हिशेब येथे नेमका उलटा झालेला! जो सोसत नाही तो पहिला आणि जो सगळेच सोसतो तो शेवटचा. हा तक्ता प्रथम पाहिला तेव्हा आम्ही बराच वेळ विचारात पडलो. मग सहनशीलता हा सद्गुण की दुर्गुण?

उतावीळपणे उत्तर देण्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कमी गुण म्हणजे कमी योग्यता नव्हे. त्या जंताने पाणी घाण केलेले नाही. घाण वरून आली, आणि इतर गेले तेव्हा तो उरला, इतकेच. गुण दिले जातात ते जिवाच्या साक्षीला, त्याच्या चारित्र्याला नव्हे. हा भेद माणसांच्या बाबतीत आम्ही किती सहज विसरतो! नाल्याकाठच्या वस्तीचा विषय निघाला की आमच्या सुशिक्षित बैठकींत एक वाक्य हमखास ऐकू येते, "त्यांना सवय झाली आहे." हे वाक्य आम्हीही कधीकाळी उच्चारले आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. त्यांत दुहेरी अन्याय आहे. एक तर घाणीचा डाग तिच्यात राहणाऱ्यावर पडतो, आणि वर त्याच्या तग धरण्यालाच त्याची संमती मानले जाते. टिकून राहणे म्हणजे सुखी असणे नव्हे, आणि गप्प असणे म्हणजे मान्य असणे नव्हे.

दुसरा धडा मापाचा आहे. ब्रिटनचा तक्ता उष्ण कटिबंधातल्या ओढ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. स्टोनफ्लाय मुख्यतः थंड पाण्याची रहिवासी; आपल्याकडे तिची कुळे मोजकीच. शिवाय 10 अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर 30 अंशाला जेमतेम साडेसात. जे जीव येथे कधी नव्हतेच, त्यांच्या अभावाबद्दल येथल्या ओढ्याला दोषी ठरवणे हा न्याय नव्हे. तसेच मुसळधार पुराने नुकताच तळ खरवडून नेला असेल, तर त्या ओसाडपणाचा आरोप कोणावर ठेवायचा? म्हणून कोलंबियात गाब्रिएल रोल्दान यांनी तेथल्या जीवांचा अभ्यास करून गुण नव्याने मांडले, थायलंडसाठी तसा फेरबदल 2002 साली प्रसिद्ध झाला, आणि कोस्टारिकाने 2007 साली आपला तक्ता थेट सरकारी नियमांत घातला. परीक्षा घेण्यापूर्वी ज्याची परीक्षा घ्यायची त्याला ओळखणे, हे न्यायाचे पहिले कर्तव्य होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आम्हांस वाटते, सोसण्याचे दोन प्रकार आहेत आणि आम्ही त्यांना एकच नाव देऊन बसलो आहोत. आपल्या वाट्याला आलेले दुःख कोणावर आग न पाखडता सोसणे हा एक. आजाऱ्याच्या उशाशी रात्री जागवणारी आई असे सोसते. तेथे आमचे मस्तक नमते. परंतु दुसऱ्यावर होणारा अन्याय आपण शांतपणे पाहत राहणे, यालाही आम्ही सहनशीलताच म्हणतो. येथे घाव पडतात दुसऱ्यावर आणि थोरपणा मात्र आम्ही घेतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याने खालच्या अंगाची घाण सोसणे याला सद्गुण म्हणता येणार नाही.

प्रत्येक गावात एखादा तरी असा असतो, ज्याला पहिल्यांदा वास येतो. विहिरीच्या पाण्याची चव बदलली, ओढ्यातले खेकडे दिसेनासे झाले, असे तो चारचौघांत बोलतो, आणि आम्ही त्याला किरकिऱ्या म्हणून बाजूला सारतो. त्या तक्त्याच्या भाषेत बोलायचे तर तो 10 गुणांचा साक्षीदार असतो. फरक एवढाच, की मेफ्लायला बोलता येत नाही. ती फक्त नाहीशी होते. तिची साक्ष तिच्या नसण्यात असते, आणि ते नसणे कळायला, पूर्वी ती तेथे होती हे ठाऊक असलेला कोणीतरी लागतो. ज्याने दगड कधी उलटलाच नाही, त्याला काही हरवल्याचे दुःखही होत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दक्षिण आफ्रिकेत मिनीसॅस नावाची एक रीत शाळकरी मुलेही वापरतात. तीत जीवांचे अवघे 13 गट ओळखायचे असतात. लागते एक जाळी आणि एक पांढरे तबक. जीव तबकात पाहून पुन्हा पाण्यात सोडता येतात. साक्ष घेण्यासाठी साक्षीदाराला मारावे लागत नाही. तेथला तक्ता येथे चालणार नाही हे वर सांगितलेच, पण पाहण्याची आणि वहीत टिपून ठेवण्याची सवय कोठेही चालेल. पाऊस ओसरल्यावर आपल्या मुलांना घेऊन जवळच्या ओढ्यावर जावे आणि काय सापडले ते तारखेसह लिहून ठेवावे. पुढल्या वर्षी त्यांतले कोणी दिसले नाही, तर आपल्याला ते कळेल. आणि एकदा कळले, की सवय झाली असे म्हणण्याची सोय आपल्यापाशी उरणार नाही.