सेवेकऱ्याचा विसावा

अंथरुणाला खिळलेले माणूस घरी ठेवून वारीला जावे काय? कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी निघायचे दिवस आले, की आमच्या वर्धेकडच्या घरांतूनही हा प्रश्न उभा राहतो. सासूला अर्धांगवायू झालेला, सुनेला पाच-सात वर्षांत पंढरी दिसलेली नाही. ती विचारते, आणि चार शहाणी माणसे लगेच भक्त पुंडलिकाचा दाखला देतात. त्याने देवाला विटेवर उभे केले, पण आईबापांचे पाय सोडले नाहीत. तूही घरीच बैस, बाई, तुझा विठोबा खाटेवर आहे.

दाखला खोटा नाही. पण आमच्या घरांतून पुंडलिकाचे नाव मुलाला मिळते आणि काम सुनेच्या वाट्याला येते, हे कोणी बोलत नाही. रात्री तीनदा उठणे, कूस वळवणे, मलमूत्र काढणे, वर रोग्याची चिडचिड सोसणे, हे वर्षानुवर्षे एकटीने करावयाचे म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. शरीर थकते, मग मन आंबते. एखाद्या दिवशी हात जरा जोरात लागतो, तोंडून वाकडा शब्द जातो, आणि मग रात्रभर रडू येते. याला लोक भक्ती कमी पडली म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. झोप कमी पडली आहे.

देवाचेच पाहा ना. आषाढीला पंढरीत देवाचा पलंग काढतात, शेजारती बंद होते, भगवंत रात्रंदिवस दर्शनाला उभा. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात, मग देव निजतो. ज्याला शीण नाही त्याचा शीण आम्ही इतक्या प्रेमाने काढतो. घरातल्या सुनेला काढा कोण देणार?

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबाजी १९३८ साली राहावयास आले. त्याआधी, १९३६ साली, त्यांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा आरंभली होती. पलीकडे सेवाग्रामात परचुरेशास्त्री या कुष्ठरोगी पंडितांना महात्माजी स्वतः मालीश करीत. ही गोष्ट आपण सारे मोठ्या भक्तीने सांगतो. मात्र मालीश झाल्यावर महात्माजी आपल्या दुसऱ्या कामांना जात, कारण मागे सारा आश्रम होता. पवनारलाही १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर झाले, तिथे बहिणींनी स्वयंपाक, शेती, झाडलोट आपसांत वाटून घेतली. आश्रमाला जमले ते घराला जमत नाही, कारण घरात माणसे थोडी. पण गावात आहेत की!

आणि वारकऱ्याला हे शिकवावे लागू नये. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. म्हणून काय एकच विणेकरी सात दिवस उभा असतो? पहारे लागतात. दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. पहिला जाऊन जेवतो, निजतो. त्याने वीणा टाकली असे कोणी म्हणत नाही. मग खाटेजवळचा पहारा बदलला, तर सेवा टाकली असे का म्हणावे? दिंडीतल्या चौघांनी आठवड्यातून एकेक दुपार वाटून घेतली, तर त्या सुनेला माहेरी जाता येईल, कीर्तनाला बसता येईल, नुसते निजताही येईल. वारीचे दिवस असतील तर भावंडांनी आठ-आठ दिवस वाटावेत. हल्ली काही वृद्धाश्रम थोड्या दिवसांसाठी रोगी ठेवून घेतात. नीट पाहून तसे केले तरी आम्ही त्याला पाप म्हणणार नाही.

अडचण एकच मोठी आहे, आणि ती रोग्याची. परक्या हाताची म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते. ही लाज हसण्यावारी नेऊ नये. नव्या माणसाने आधी दोन-चार वेळा येऊन नुसते बसावे, हरिपाठ म्हणावा, सुनेच्या हाताखाली काम पाहावे. औषधाच्या वेळा कोणत्या, दर दोन तासांनी कूस कशी वळवायची म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, पाणी पाजताना मान कशी उचलायची, हे सगळे पदरात घ्यावे. तरीही म्हातारी ऐकत नसेल, तर तिचे अंग सुनेनेच पुसावे. पण पाणी भरणे, भाकरी, धुणे आणि रात्रीचे एक जागरण दुसऱ्याने उचलावे.