माथ्यावरची शीळ

फेब्रुवारीत आंबोलीच्या किंवा कोयनेच्या रानात ऊन जरा तापलं, की डोक्यावरून खणखणीत, लांबत जाणारी शीळ ऐकू येते. ही तुरेवाल्या सर्पगरुडाची हाक. एरवी हा पक्षी तासन्‌तास फांदीवर निश्चल बसून खालचे साप-सरडे हेरत असतो. पानांच्या दाटीत तो जवळ असूनही दिसत नाही. म्हणूनच आपलं रान कोणतं हे सांगायचं, तर त्याला झाडांच्या माथ्यावर यावं लागतं. तापलेल्या उतारावरून चढणाऱ्या हवेवर तो पंख पसरून गिरक्या घेतो. पंखांच्या मागच्या कडेलगतचा रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीवरचा तसाच पट्टा तेव्हा खालूनही स्पष्ट दिसतो.

विणीच्या दिवसांत नर-मादी जोडीने घिरट्या घालतात, एकमेकांना साद देतात. तीच साद शेजारच्या गरुडाला बजावते, की इथे आधीच कुणीतरी आहे. याच सह्याद्रीतला काळा गरुड तर पंख मिटून दरीत सूर मारतो आणि तळाशी वळून त्याच वेगाने पुन्हा वर झेपावतो. जोडीदाराला रिझवण्याची ही त्याची रीत. पण हद्दीवरून शेजाऱ्याशी झुंज झाली, तर पंख मोडू शकतो, आणि शिकारी पक्ष्याला मोडलेला पंख म्हणजे उपासमारच. त्यामुळे वाद उडून आणि ओरडून मिटला, तर ते दोघांच्याही हिताचं असतं.

आणि हे सगळं कशासाठी? बहुधा ओढ्याजवळच्या एखाद्या झाडावर काटक्यांचं घरटं आणि त्यात सर्पगरुडाचं सहसा एकच अंडं. ते उबवायला सुमारे 41 दिवस लागतात, पुढे पिल्लू उडेपर्यंत आणखी दोनेक महिने. म्हणजे हक्क आभाळात सांगितला, तरी तो निभवायचा घरट्यापाशी, तीन महिन्यांहून जास्त काळ, डोळ्यांत तेल घालून.

आपणही ‘माझं’ म्हणतो. जमिनीला म्हणतो, घराला म्हणतो, माणसांनाही म्हणतो. त्यातलं आपण राखतो किती, हे सकाळच्या शांत वेळी स्वतःला विचारून पाहावं. जे जपायची तयारी आहे, त्यावरच हक्क सांगावा, आणि तो स्पष्ट सांगावा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील. रानावर आपला हक्क आहे असं वाटत असेल, तर ओढ्याकाठची जुनी झाडं राखणं हे आपलंही काम आहे.