पट्टा पडेपर्यंत

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडतं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची हजेरी घेताना एका नावापाशी थांबावं लागतं, मग चार नावांनंतर पुन्हा. मागच्या बाकावरून कुणीतरी सांगतं, "सर, तो गेला." कुठं गेला, हे बीड जिल्ह्यात विचारावं लागत नाही. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या डोंगरपट्ट्यातून दसरा झाला की ऊसतोडीसाठी ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. त्यात भांडीकुंडी, सरपणाचा भारा, शेळी, म्हातारीनं बांधून दिलेल्या भाकरी आणि आमचे विद्यार्थी असतात. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या फडात, कर्नाटकातल्या कारखान्यांवर त्यांचं दुसरं सत्र सुरू होतं. आमचं दुसरं सत्र इकडं फळ्यावर चालू राहतं. दोन्ही सत्रं एकाच वेळी संपतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा आमच्याकडं परीक्षेचं वेळापत्रक लागतं.

मी बरीच वर्षं अशा एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवली. कॉलेजच्या दारावर दरवर्षी अभिनंदनाचा फलक लागतो. पोलीस भरतीत निवड झालेला, सैन्यात गेलेला, स्पर्धा परीक्षेत नाव काढलेला, विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आलेली. फोटो, फेटा, खाली संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावं. त्या मुलांचा मला अभिमान आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक घेऊन आला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले होते. तो आमचा विद्यार्थी नव्हता, तरीही. पण फलकावर मावत नाही असं कर्तृत्व रोज वर्गात यायचं, आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. ते कर्तृत्व काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

पुण्या-मुंबईच्या खासगी विद्यापीठांतून आता 'लिबरल आर्ट्स' नावाची पदवी मिळते. वर्षाचं शुल्क लाखांत जातं. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, जोडीला थोडं विज्ञान असं सगळं एकत्र शिकायचं, वाद घालायचा, नाटक करायचं. चांगलीच गोष्ट आहे. आमच्याकडं मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घेऊन बसलेल्या मुलाला मात्र गावात विचारतात, "आर्ट्सला का गेलास? सायन्सला नंबर लागला नाही का?" आमच्या इमारतीच्या पाटीवरही 'कला' हाच शब्द आहे. तो ऐकताना मुलांच्या माना खाली जातात.

'लिबरल' या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ स्वतंत्र माणसाचा, म्हणजे जो कुणाचा गुलाम नाही त्याचा. जुन्या रोममध्ये व्याकरण, तर्क, वक्तृत्व, गणित या विद्या अशा माणसानं शिकायच्या होत्या, ज्याला दुसऱ्याच्या हुकमाखाली राबावं लागत नाही. म्हणजे ही विद्या मुळात मालकांच्या मुलांसाठी होती. मला वाटतं, तिची खरी गरज नेमकी उलट्या टोकाला आहे. ज्याच्या घरावर उचल आहे, त्याला ही विद्या सगळ्यांत आधी मिळाली पाहिजे.

उचल म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. हंगामाआधी मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा माणूस, कुटुंबाला आगाऊ पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. माणसाची गणती तिथं हत्याराच्या नावानं होते. उचल फिटेपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. ताप आला, बाळंतपण आलं, दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फिटलं नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ही वाढ मुकादमाच्या वहीत उतरली का, हे बघायला कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, कुणीतरी वाचणारं लागतं. बेरीज चौथीच्या पोरालाही येते. पण बापाच्या वयाच्या माणसासमोर उभं राहून, "काका, ही वही मला बघू द्या, आमचे टन किती लागले ते सांगा," असं शांतपणे म्हणायला वेगळी तयारी लागते. कायदा म्हणून काही असतो हे माहीत असावं लागतं, शब्द जवळ असावे लागतात, आपला प्रश्न रास्त आहे याची खात्री असावी लागते. ही तयारी राज्यशास्त्राच्या तासाला होते, वादविवाद स्पर्धेत होते. इतिहासाच्या वर्गात, आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी निजामाला प्रश्न विचारले होते हे ऐकताना होते.

ते प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि १९१८ मध्ये उघडलेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं. बीडच्या शेतकऱ्याच्या पोराला उच्च शिक्षण म्हणजे परकी भाषा आणि दूरचं शहर. १९३८ मध्ये हैदराबाद आणि औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायचं सोडलं नाही, म्हणून शेकडो मुलांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. त्याच दशकात अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते. पुढं मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारा हा संन्यासी आधी मास्तर होता, हे मी पहिल्याच तासाला सांगत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, आणि दोन वर्षांच्या आत, १९५० मध्ये, नांदेडला स्वामीजींच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेलं कॉलेज सुरू झालं. औरंगाबादचं हे कॉलेजच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. त्याच्या इमारतीची कोनशिला १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी बसवली. मराठवाड्यातले किती तरी दलित लेखक आणि कार्यकर्ते तिथल्या वसतिगृहांत आणि ग्रंथालयात घडले. २३ ऑगस्ट १९५८ ला नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं, १९६० मध्ये बीडला बलभीम महाविद्यालय निघालं. माणसं स्वतंत्र झाली, मग त्यांनी कॉलेजं काढली. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

दूरचं एक उदाहरण इथं जवळचं वाटतं. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचं एक लहान कॉलेज आहे. १८५५ मध्ये, गुलामगिरी कायद्यानं चालू असताना, गुलामगिरीच्या विरोधकांनी ते स्थापन केलं आणि यादवी युद्धानंतर काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवलं. १८९२ पासून तिथं शिकवणीचं शुल्क घेत नाहीत. प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास कॉलेजातच काम करतो आणि सोबत साहित्य-तत्त्वज्ञान शिकतो. आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढून 'कमवा आणि शिका' हेच केलं. काम आणि शिक्षण एकमेकांच्या आड येत नाहीत, कामाची जागा आणि वर्गाची जागा तीनशे किलोमीटरवर गेली की आड येतात. आमच्या मुलांचं दुखणं हे अंतर आहे.

मुलींचं दुखणं आणखी वेगळं. आईबाप उसाला गेले की तरुण मुलीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न प्रत्येक कोयत्याच्या घरात असतो, आणि त्याचं सोपं उत्तर म्हणून लग्न लावून देतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर पाच बायकांमधल्या दोघींहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. या जिल्ह्यात एखादी मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला हजेरी देते, तेव्हा तिनं आधीच एक मोठी परीक्षा पास केलेली असते. एसटीच्या पासवर तिचं शिक्षण चालतं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिलपर्यंत चालला. करोनाच्या सुट्टीतून नुकत्याच परतलेल्या मुली पुन्हा घरी बसल्या. त्यातल्या काही नंतर आल्याच नाहीत. त्यांची नावं मला अजून क्रमानं आठवतात.

बाकी कॉलेजचं जगणं कुठल्याही कॉलेजसारखंच. गॅदरिंगची धांदल, भित्तिपत्रकावरून भांडणं, कॅन्टीनच्या चहाची उधारी. युवक महोत्सवाच्या आधी महिनाभर हॉलमधून ढोलकी ऐकू यायची. शेजारच्या वर्गातले प्राध्यापक तक्रार करायचे, आणि मुलं पोवाड्याची तालीम झाडाखाली न्यायची. माजलगावच्या संदीप पाठकला लोक आता टीव्हीवर ओळखतात. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुन्हा रंगमंचावर उभं करणारा हा नट आपल्या जिल्ह्यातला आहे, हे कळल्यावर पोरांच्या आवाजात फरक पडायचा.

एका वर्षीचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर विसरता येत नाही. सात दिवस, जानेवारीचा महिना, डोंगरातली एक वाडी. आम्ही ग्रामस्वच्छतेचा, जनजागृतीचा कार्यक्रम आखून गेलो होतो. वाडीत निम्म्याहून अधिक दारांना कुलपं. जागृती कुणाची करायची? म्हातारी माणसं उन्हात बसलेली आणि नातवंडं त्यांच्याभोवती. पहिल्या संध्याकाळचं भाषण आम्ही रद्द केलं. मुली म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसल्या. एका आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली, आणि थांबेचना. माझ्या विद्यार्थिनी पटापट उतरवून घेत होत्या. अंबाजोगाईच्या शैला लोहियांनी हेच केलं होतं. त्या मराठीच्या प्राध्यापक, लोकसाहित्याच्या अभ्यासक, आणि 'मानवलोक' या संस्थेच्या कामातून पुढं एकट्या बायकांसाठी 'मनस्विनी' उभी करणाऱ्या. बाईचं गाणं ऐकता ऐकता तिचा प्रश्न ऐकू येतो, हा धडा मी त्यांच्या कामावरून शिकलो. त्या सात दिवसांत वाडीतला एकही रस्ता झाला नाही. परत येताना मुली गप्प होत्या, कारण त्या आजीच्या नातवंडांत त्यांना स्वतःचं लहानपण दिसलं होतं.

त्याच वर्गातली एक मुलगी पुढच्या हंगामाला आईबापांबरोबर गेली. जाताना विचारलं, "सर, प्रकल्प तिकडून लिहिला तर चालेल का?" मी म्हणालो, चालेल. ज्यांनी मंजूर करायचं, त्यांना ते सहज मान्य झालं नाही. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, नियम म्हणजे नियम. नियम शहरातल्या कॉलेजच्या दिनदर्शिकेवर बेतलेला आहे, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. हंगामी वसतिगृहं शाळेच्या पोरांसाठी आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहं सुरू झाली. मग कॉलेजच्या मुलांसाठी तालुक्या-तालुक्याला अशी सोय, आणि ज्यांना जावंच लागतं त्यांच्यासाठी फडावरून देता येईल असं सत्र, हे का होऊ नये? चार वर्षांची पदवी, श्रेयांक, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असं सगळं नव्या शैक्षणिक धोरणात आहे. फडातल्या पाच महिन्यांइतका अनुभव दुसरा कुठला?

एप्रिलमध्ये ती आली. हात काळवंडलेले, पाचटानं चिरलेले. दोनशे पानी वही पुढं ठेवली. प्रकल्पाचं नाव, 'ऊसतोडीचे शब्द'. कोपी, खाडा, मोळी, वाढे, पाचट, टायर, पट्टा. प्रत्येक शब्दापुढं अर्थ, तो कुणी कसा वापरला त्याचं वाक्य, आणि सांगणाऱ्या बाईचं गाव. कानडी मुलखातून आलेले शब्द वेगळ्या शाईनं. शेवटच्या चार पानांवर शब्द नव्हते, आकडे होते. तिच्या घरची उचल, रोजचे टन, खाडे, कपात, आणि मुकादमाच्या हिशेबाशी ताडून काढलेला फरक. मी विचारलं, "हे दाखवलंस का त्यांना?" म्हणाली, "दाखवलं. पहिल्यांदा चिडले. मग वही मागून घेतली, नि वडलांसमोर बसून परत बेरीज केली."

ग्रंथपालांनी ती वही दोनदा चाळली. मग कपाटातून दाखलनोंदीचं रजिस्टर काढलं, पुढचा क्रमांक टाकला, आणि पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का मारला.