एकविसावा रकाना

19 जुलै 2024, शुक्रवार. मुंबई विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहिले जात होते. प्रवाशाचं नाव, विमानाचा क्रमांक, आसन, सगळं पेनाने. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट यांची संगणक व्यवस्था कोलमडली होती. एकट्या इंडिगोला दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द करावी लागली. पावसाळ्यात सहारच्या विमानतळावर रांगेत ताटकळणं अंधेरीकरांना नवं नाही, पण त्या दिवशी आभाळाचा काही दोष नव्हता.

दोष होता एका रकान्याचा. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी कंपनी संगणकांचं हल्लेखोरांपासून रक्षण करणारं सॉफ्टवेअर पुरवते. नव्या हल्ल्यांच्या खुणा सांगणारी एक छोटी फाईल तिने भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 वाजता जगभर धाडली. त्या फाईलला 21 रकाने पडताळायचे होते. प्रोग्राम मात्र 20च पुरवत होता. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ अशीच खूण असायची, त्यामुळे तो उघडून बघायची वेळ कधी आलीच नव्हती. त्या सकाळी आली. जिथे काहीच नव्हतं तिथे प्रोग्राम वाचायला गेला आणि पडताना विंडोजलाही घेऊन पडला. 78 मिनिटांत कंपनीने फाईल मागे घेतली. तोवर सुमारे 85 लाख संगणकांचे पडदे निळे झाले होते.

फाईल मागे घेऊन भागणार नव्हतं. जो संगणक सुरूच होत नाही, त्याला दुरुस्ती पोचवणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसालाच यंत्रापुढे बसावं लागलं. सेफ मोडमध्ये जायचं, 291 क्रमांकाची ती सदोष फाईल हुडकायची, पुसायची, पुन्हा सुरू करायचं. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी 48 आकडी किल्ली टाईप करायची. किल्ल्यांची यादी ज्या संगणकात, तोच बंद पडला असेल तर आधी त्याला उठवायचं. आणि मग शेजारचं टेबल.

काट्याचा नायटा झाला, एवढं म्हणून या प्रकरणावर पडदा टाकता येईल. पण काट्याला बोल लावून हाती काही लागत नाही. रकाने मोजताना माणूस चुकणारच, उद्याही चुकेल. विचारायचं ते हे, की एकच काटा एकाच वेळी 85 लाख पायांत रुतला कसा?

पहिली वातानुकूलित लोकल मुंबईत दाखल झाली एप्रिल 2016 मध्ये. प्रवाशांना घेऊन ती बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली 25 डिसेंबर 2017 रोजी. मधले वीस महिने चाचण्या आणि मंजुऱ्यांत गेले, आणि त्या दिरंगाईवर टीकाही झाली. पण सुरुवात झाली ती एका गाडीने, एका मार्गावर. तिच्यात खोट निघाली असती तर उपनगरातल्या सगळ्या लोकल त्याच क्षणी जागच्या जागी थांबल्या नसत्या. क्राउडस्ट्राइकच्या त्या फाईलला अशी पहिली गाडी मिळालीच नाही. आधी हजार संगणक, तासाभराने लाख, असं तिला सोडलं असतं, तर ती हजारांतच अडली असती.

एका ठिकाणची चूक अशीच क्षणात सगळीकडे पोचू शकते ती इंटरनेटच्या रस्त्यांवरही, कारण ते भाबड्या विश्वासावर चालतात. कोणता पत्ता कुठून गाठायचा, हे प्रत्येक कंपनीचं जाळं शेजारच्या जाळ्यांना सांगतं आणि बरेचसे शेजारी ते न तपासता मानतात. 16 एप्रिल 2021 रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्याने दुसऱ्यांचे 30 हजारांहून अधिक पत्ते आपल्याकडेच आहेत, असं चुकून जाहीर केलं. घाटकोपरला इंडिकेटरवर सगळ्या गाड्या एकाच फलाटावर लागल्याचं दिसावं आणि गर्दीने तिकडे धावावं, तसा जगभरचा डेटा तिकडे वळला. चूक दहाएक मिनिटांत आवरली.

चूक अशी पसरण्यावरचा उपाय मुंबईला विजेच्या बाबतीत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बाहेरचं जाळं कोसळू लागलं की शहराने स्वतःला त्यापासून तोडून घ्यायचं आणि जवळच्या विजेवर बेटासारखं तगायचं; अभियंते त्याला आयलंडिंग म्हणतात. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा ते बेट टिकलं नाही. लोकल थांबल्या, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत अंधार झाला. तरीही कल्पना खरीच आहे. चुकीला बांध हवा, आणि तो कागदावर असून चालत नाही, त्याची अधूनमधून परीक्षा घ्यावी लागते.

क्राउडस्ट्राइकने 2024च्या त्या घोळानंतर अशा फाईली टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं. बाकीचे अजून शिकत आहेत. 18 नोव्हेंबर 2025 रोजी असंख्य संकेतस्थळं जिच्या जाळ्यातून चालतात, त्या क्लाउडफ्लेअर कंपनीची एक फाईल अचानक दुप्पट फुगली आणि तिच्या साऱ्या जाळ्यात पसरली. संध्याकाळी निम्मं इंटरनेट आजारी पडल्यासारखं झालं. 17 दिवसांनी, 5 डिसेंबरला, दुपारी 2.17 वाजता याच कंपनीच्या दुसऱ्या एका बदलाने पुन्हा तेच केलं. शेअर बाजार बंद व्हायला सव्वा तास होता आणि झिरोधा, ग्रो या शेअर दलालांची अॅप उघडत नव्हती. सुमारे 25 मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं. तो बदल ज्या वाटेने गेला, तिथे टप्पे नव्हतेच, हे कंपनीने त्याच दिवशी लिहून कबूल केलं. टप्प्यांचं काम तेव्हा सुरू होतं, पुरं झालेलं नव्हतं.