पदवी मागणारा काउंटर

आमच्या उर्दू शाळेतला एक मुलगा बारावीनंतर जळगावच्या फुले मार्केटात कापडाच्या दुकानी लागला. पारोळ्याच्या बाईशी अहिराणीत, रावेरच्या शेतकऱ्याशी लेवा बोलीत, मोहल्ल्यातल्या खालाशी उर्दूत बोलून तो तणतणत आलेले गिऱ्हाईक हसतमुखाने परत पाठवी. सहा वर्षांनी एका ग्राहक सेवा केंद्रात गेला. पहिला प्रश्न, पदवी? दुसरा प्रश्न झालाच नाही.

आम्ही शिक्षक, पदवीविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. बद्रच्या कैद्यांनी दहा-दहा मुलांना लिहिणे शिकवून सुटका मिळवली, हे आम्हीच वर्गात सांगतो. पण हजरत खदीजा (रजि.) यांनी शामकडे माल पाठवताना पैगंबरांची (सल्ल.) सचोटी पाहिली, हेही आम्हीच सांगतो.

शंभर अर्जांना चाळणी लागतेच, मान्य. पण सच्चर समितीने २००६ साली दाखवले की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांहूनही कमी. धुळ्यात लूमवर बापाच्या जागी उभ्या राहिलेल्या पोराने शिक्षण सोडले की त्याला सोडावे लागले, हे चाळणीला कसे कळणार? महिनाभर काउंटरवर उभे करून पाहिले तर कळेल.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईचे नाव आता पदवीवर छापले जाते!

त्या मुलाला आम्ही मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून दिला. म्हणाला, "सर, तीन वर्षांनी मी आज दुकानात करतो तेच करणार ना?"

आम्ही त्याला फी भरायची शेवटची तारीख सांगितली.