तळतळाटाचा भाव

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती केली त्याने घर लिलावात घेऊन पाहिलेलं नसणार. नाहीतर नुसतं बांधण्याच्या त्रासाबद्दल त्याने तोंड उघडलं नसतं.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात बँकांच्या लिलावाच्या नोटिसा असतात. आम्ही बँकवाले सोडलो तर त्या कुणी वाचत नाही आणि आम्हीसुद्धा आपल्या ओळखीचं कुणी त्यात नाही ना, एवढंच पाहतो. पण एकदा सवडीने वाचा. मालमत्ता ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे’ या तत्त्वावर विकली जाईल, असं त्यात म्हटलेलं असतं. परब्रह्माच्या वर्णनासाठीही हे वाक्य चाललं असतं. अर्थ मात्र अगदी प्रापंचिक आहे. सोसायटीची थकबाकी असेल, छत गळत असेल किंवा आत जुना मालकच जेवायला बसलेला असेल, तर ते तुमचं नशीब. बँकेला विचारायचं नाही.

आमच्या मेहुण्याला अशीच एक नोटीस सापडली. ठाण्यापलीकडे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, राखीव किंमत 40 लाख. आजूबाजूचे भाव 50 च्या घरात. घरात तत्काळ दोन पक्ष पडले.

“जावईबापू, त्याला चार शब्द सांगा,” सासूबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या चुलीत पाणी ओतून आपली पेटवू नये. तळतळाट लागतो.”

“दाजी, मी नाही घेतलं तर दुसरा घेईल,” मेहुणा म्हणाला. “मग तळतळाट त्याला लागेल, घरही त्यालाच लागेल आणि मला लागेल फक्त भाडं.”

मला दोघांचंही पटलं. नैतिक प्रश्न खरा असला की असंच होतं. खोटा असता तर कुणीतरी एक नक्की चुकलं असतं.

आणि हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. हप्ते थकवणारे सगळेच काही लबाड नसतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरात मोठं आजारपण निघालेलं असतं. 2002 च्या सरफेसी कायद्याप्रमाणे, हप्ते 90 दिवस थकून खातं बुडीताच्या वाटेला लागलं की 60 दिवसांची नोटीस जाते. तेवढ्यात पैसे उभे राहिले नाहीत की ताबा, आणि मग लिलाव. अशा घराच्या दारावर जुन्या पाटीच्या स्क्रूंची चार भोकं शिल्लक असतात. त्याच भोकांत आपली पाटी बसवताना हात जरासुद्धा अडखळला नाही, तर तो माणूस कसला?

आपल्याकडच्या सर्वात गाजलेल्या कर्जवसुलीत तर घर नव्हे, माणसंच विकली गेली. हरिश्चंद्राला विश्वामित्राने दक्षिणेसाठी महिन्याची मुदत दिली होती. आमचा कायदा 60 दिवस देतो, म्हणजे ऋषींपेक्षा आम्ही बरे. राजाने काशीच्या बाजारात आधी राणीला विकलं, मग स्वतःला. ही कथा ऐकताना आपण राजासाठी रडतो आणि विश्वामित्रावर चिडतो. त्याला विकत घेणाऱ्याचा मात्र कुणी विचार करत नाही. मार्कंडेय पुराण म्हणतं, स्मशानाच्या धन्याच्या वेषात आलेला तो गिऱ्हाईक प्रत्यक्ष धर्म होता. म्हणजे लिलावातल्या गिऱ्हाइकाला पुराणाचा आधार आहे. पण प्रत्येक गिऱ्हाईक हा धर्मच असतो, असंही पुराण म्हणत नाही. मग ओळखायचं कसं?

मी वाणिज्य शाखेचा माणूस. नीतीचा प्रश्न आला की मी आधी जमा आणि नावे अशा दोन बाजू आखतो. समजा, त्या घरमालकाकडे व्याज आणि खर्च धरून 45 लाख येणं आहे. घर 40 लाखांना गेलं तर घरही गेलं आणि वर 5 लाखांचं कर्ज मानगुटीवर राहिलं. बँक त्यासाठी त्याला न्यायालयात खेचू शकते. तेच घर 48 लाखांना गेलं तर कर्ज फिटतं आणि वरचे 3 लाख कायद्याने त्याला परत मिळतात. म्हणजे बोलीतला प्रत्येक वाढीव रुपया बँकेच्या तिजोरीमार्गे का होईना, त्याच्याच कामी येतो.

आता सासूबाईंच्या सल्ल्याप्रमाणे सगळ्या सज्जनांनी तळतळाटाला भिऊन घरी बसायचं ठरवलं, तर काय होईल? बोलीला उरतील ते न भिणारे. त्यांनी आधीच कुठेतरी चहा पिऊन, यावेळी तू आणि पुढच्या वेळी मी, असं ठरवलेलं असतं. लिलाव आता संगणकावर होतात, हातोडा राहिला नाही, पण चहा राहिलाय. भाव राखीव किमतीच्या आसपास घुटमळतो आणि ज्याची दया येऊन सज्जन घरी बसले, त्याच्याच डोक्यावर 5 लाख राहतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ते हेच. घर लिलावात घेणं हे पाप नाही. भाव पाडून घेणं हे आहे.

हा हिशोब सासूबाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, “म्हणजे तळतळाट नको असेल तर जास्त पैसे मोजायचे? मग ते घर स्वस्त कसलं?”

मी तीन परिच्छेद घेतले ते त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

पण जास्त पैसे मोजायचे तर ते आणायचे कुठून? मेहुण्याने लग्नापासून साठवलेले 10 लाख होते. नियम असा, की बोली तुमच्या नावावर सुटली की इसाऱ्यासकट 25 टक्के त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायचे. उरलेले 75 टक्के विक्री पक्की झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत, पण विकणारी बँक राजी असेल तर. नाही भरले, तर आधी भरलेले जप्त. म्हणजे एक घर गेलेल्याशेजारी आणखी एक बुडालेला येऊन बसणार.

मेहुणा 30 लाखांच्या कर्जासाठी एका बँकेत गेला. तिथल्या साहेबांनी वकिलाचा शोध अहवाल मागितला, मूल्यांकन मागितलं आणि शेवटी म्हणाले, “विक्री प्रमाणपत्र आणा, लगेच करू.” विक्री प्रमाणपत्र मिळतं सगळे पैसे भरल्यावर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. मेहुण्याने बोली लावलीच नाही. रोख पैसेवाल्या कुणीतरी ते घर 40 लाख 25 हजारांना नेलं.

आमच्या धंद्यातली ही गंमत आहे. वसुली खातं दिवस मोजतं, कर्ज खातं कागद मोजतं आणि दोन्ही खाती एकाच कँटीनमध्ये जेवतात. कर्जाची फाइल एका टेबलावर आठ दिवस पडून राहिली तर आपण म्हणतो, गिऱ्हाइकाची गैरसोय झाली. पण तेवढ्यात एक बोली कमी पडते आणि तिची किंमत तो तिसराच माणूस भरतो, ज्याने त्या टेबलाचं तोंडही पाहिलेलं नाही. सगळ्यांच्या सह्या नियमाप्रमाणेच असतात. त्यामुळे तळतळाट नेमका कुठे पाठवावा, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. तो जुन्या पत्त्यावरच जातो, म्हणजे नव्या मालकाकडे.

तेव्हा लिलावात घर घ्यायचं असेल तर पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची नोटीस असते, ते दिवस वापरा. बोलीआधीच वकिलाला कागद दाखवा. तत्त्वतः मंजुरी आधी देणाऱ्या बँका आहेत, ती लेखी घेऊन ठेवा. यात आपला शहाणपणा आहेच, पण एका अनोळखी माणसावरचं ओझंही त्याने थोडं हलकं होतं. घराला आपल्या मते जे मोल आहे, तिथपर्यंत सरळ बोली लावा आणि कुणाबरोबर आधी चहा पिऊ नका.

आणि ताबा घेताना आत एखादा देव्हारा राहिला असेल, तर तो न्यायला त्या माणसाला सवडीने येऊ द्या. नोटिशीत ‘जे काही आहे’ असं म्हटलेलं असलं, तरी त्यात देव धरायचे नसतात.