प्रिंटची पाठ

13 सप्टेंबर 1948 रोजी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रॉली फ्री नावाचा स्वार अंगात नुसती पोहण्याची चड्डी घालून, व्हिन्सेंट मोटारसायकलवर पालथा पडून ताशी 150 मैलांच्या पुढे गेला. ते छायाचित्र आज उमरखेडच्या बसस्थानकावर बसूनही मोबाइलवर फुकट पाहता येते, आणि कागदावर हवे असेल तर कोणताही स्टुडिओ काढून देईल. तरीही वेगाच्या अशा जुन्या छायाचित्रांचे संग्राहक त्या काळी, छायाचित्रकाराच्या देखरेखीखाली निघालेल्या प्रिंटसाठी कितीतरी पट पैसे मोजतात. चित्र तेच, मग जास्तीचे पैसे कशाचे? दुर्मिळतेचे, असे व्यापारी सांगेल. पण बिघडलेली, डागाळलेली प्रिंटही एकुलती एक असू शकते, आणि तिला कोणी विचारत नाही. दुर्मिळतेने भाव चढतो खरा. पण प्रिंट आधी हवीशी का वाटली, हे त्यावरून कळत नाही.

या प्रश्नाचा विचार करायला फार लांब जायला नको. उमरखेडहून पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. त्याच बाजूला माहूर आहे, आणि माहूरचे देवदेवेश्वर महानुभाव पंथात दत्तात्रेयप्रभूंचे निद्रास्थान मानले जाते. महानुभावांनी देवदेवतांच्या मूर्तींची पूजा नाकारली, पण अवताराच्या स्पर्शाने पावन झालेले दगड, ओटे, वस्त्रे यांना मात्र वंदन केले. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. तो तसा नाही. मूर्ती देवासारखी दिसते, एवढाच तिचा दावा. त्या ओबडधोबड पाषाणाला रूप नाही, त्याला संबंध आहे. म्हणून अशा स्थानांची नोंद ठेवणारी पंथाची ‘स्थानपोथी’ नुसते गाव सांगून थांबत नाही. इथे आसन (बसणे), इथे विहरण (फिरणे), इथे वसती (मुक्काम), असा स्पर्शाचा प्रकारही ती नोंदवते. माझे म्हणणे असे की जुन्या प्रिंटचे मोल याच जातीचे आहे.

याला पुरावा फसवणुकीचा आहे. लुईस हाईन हे अमेरिकन छायाचित्रकार 1940 मध्ये वारले. त्यांच्या हातच्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रिंटांबद्दल 1990च्या दशकाच्या अखेरीस शंका आली आणि कागद तपासला गेला. साधारण 1950च्या दशकापासून छायाचित्राच्या कागदात उजळपणा आणणारी द्रव्ये मिसळली जाऊ लागली होती, आणि असा कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. त्या प्रिंटा चमकल्या. चित्रातला एक ठिपकाही बदलला नव्हता, तरी घेणाऱ्यांना आपण लुबाडले गेलो असे वाटले, आणि ते बरोबरच वाटले. संबंध खोटा निघाला होता.

यावर जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनचा आक्षेप उभा राहतो. एका निगेटिव्हच्या हव्या तितक्या प्रिंटा निघत असताना ‘अस्सल’ कोणती हे विचारण्यातच अर्थ नाही, असे त्याने 1930च्या दशकात मांडले. आक्षेप मोठा आहे, आणि अर्धा मला मान्य आहे. स्वारावरून परतलेला प्रकाश फिल्मवर पडला, प्रिंटवर नाही. त्या धावेशी संबंध निगेटिव्हचा. त्या बाबतीत 1948ची प्रिंट आणि कालची प्रिंट सारख्याच दूर. पण जुन्या प्रिंटला दुसरा संबंध असतो: डार्करूममधल्या हाताचा, मागच्या तारखेच्या शिक्क्याचा, संपादकाने पेन्सिलीने आखलेल्या चौकटीचा. संग्राहक चुकतो तो इथे. आपण ती धाव विकत घेतली असे त्याला वाटते, आणि घरी येते ती डार्करूम. स्थानपोथीच्या भाषेत, विहरणाच्या जागेला तो आसन म्हणतो.

अवताराच्या पाषाणाशेजारी चड्डीतल्या स्वाराचे चित्र ठेवणे श्रद्धावंताला खटकेल. त्याचा राग रास्त आहे. त्या पाषाणाचा संबंध परमेश्वराशी, मोक्षाशी आहे. प्रिंट कोणाला तारत नाही. इथे तुलना विचाराच्या रीतीची आहे, वस्तूंची नव्हे. उलट त्या रीतीतूनच संग्राहकाला एक अडचणीची गोष्ट ऐकावी लागते: वंदनाला मालकी लागत नाही. देवदेवेश्वरापुढे नमस्कार करणारा सातबारा मागत नाही. प्रिंट कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्याला मात्र संबंधाबरोबर ताबाही हवा असतो, आणि लिलावात बहुतेक किंमत या ताब्याचीच असते.

तरीही घ्यायचीच असेल तर चित्रावर भाळण्याआधी प्रिंट उलटी करून पाहा, कागद तपासून घ्या. पाठ कोरी निघाली आणि कागद चमकला, तर भिंतीसाठी स्टुडिओतली प्रत पुरे.